माळावरचे पक्षी राखायचे तर: माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या नव्या पक्षिमित्रांसाठी

साताऱ्याचा आणि सांगलीचा पूर्वेकडचा पट्टा म्हणजे माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. इथल्या माळांना सरकारी कागदात 'पडीक' म्हणतात आणि आपणही तेच म्हणत आलो. पण उन्हाळ्यात याच मुरमाड जमिनीवर टिटवी, माळटिटवी, धाविक, करवानक, रातवा, पखुर्डी आणि चंडोल अंडी घालतात. त्यांना झाड लागत नाही, कडा लागत नाही, काड्यांचं घरटंही लागत नाही. उघडी, शांत, मोडतोड न झालेली जमीन तेवढी लागते. आणि आज सगळ्यात जास्त ओरबाडली जाते ती हीच जमीन.

पक्षी वाचवायचे म्हटलं की नवीन माणसाच्या मनात जखमी पक्षी, पिंजरे, दाणापाणी येतं. ते चांगलंच आहे, पण माळाच्या पक्ष्यांना त्याने फारसा उपयोग होत नाही. त्यांना जागा राखून द्यावी लागते. तुमच्याच गावच्या माळापासून ते काम कसं सुरू करायचं, ते इथे सांगतो.

आधी माळ वाचायला शिका

पक्ष्यांची नावं पाठ करायची घाई नको. पहिले काही आठवडे नुसतं माळावर फिरा आणि जमीन पाहा. कुसळी गवत कुठे आहे, पवन्या आणि मारवेल कुठे टिकून आहे, कुठे नुसता मुरूम आणि खडे आहेत, तरवड आणि हिवर कुठे आहेत, वेडी बाभूळ किती पसरली आहे हे बघा. माळ एकसारखा दिसतो पण तसा नसतो. माळटिटवी आणि धाविक अगदी उघड्या, आखूड गवताच्या जागी राहतात. तित्तर आणि लावे झुडपांच्या कडेला. भोवत्या, म्हणजे हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे लांब पंखांचे शिकारी पक्षी, उंच गवतात रात्री जमिनीवरच उतरून झोपतात. म्हणजे एका माळावर आखूड गवतही हवं, उंच गवतही हवं, थोडी झुडपंही हवीत. हे लक्षात आलं की पुढचे अर्धे निर्णय आपोआप सोपे होतात.

त्यानंतर दहा-बारा पक्षी पक्के करा. साधी टिटवी आणि माळटिटवी यांतला फरक पहिल्याच दिवशी शिकून घ्या: साध्या टिटवीच्या डोळ्यापुढे लाल मांस असतं, माळटिटवीच्या चोचीशी पिवळा लोंबता पापुद्रा असतो आणि डोक्यावर काळी टोपी. धाविक लहानशी धाव घेतो, थांबतो, वाकून टिपतो, पुन्हा धावतो. डोंबारी चंडोलाचा नर हवेत चढून सूर मारत खाली येतो आणि पुन्हा चढतो. करवानक दिवसभर झुडपाखाली दगडासारखा बसतो आणि रात्री ओरडतो. पखुर्डी सकाळी थव्याने पाण्यावर येतात. पिलं असली की पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि ते पाणी कित्येक किलोमीटर उडून पिलांना पाजतो. ज्या माळावर आपल्याला पाण्याची बाटली पुरत नाही तिथे हा पक्षी पोटाच्या पिसांतून पाणी नेतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

साधन म्हणून ८ गुणिले ४२ ची एक दुर्बीण पुरे. मोठी लेन्स असलेला कॅमेरा सुरुवातीला नसलेलाच बरा. का, ते पुढे येईल.

हा माळ कुणाचा आहे?

हे काम पक्षी बघण्याइतकं रम्य नाही, पण याच्याशिवाय पुढे काहीच होत नाही. माळाचे गट नंबर शोधा, सातबारा काढा. दोन्ही ऑनलाइन मिळतात, अडलं तर तलाठ्याकडे जा. माळ गायरान असेल, वन विभागाचा असेल, देवस्थानाचा असेल किंवा खाजगी असेल, आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा. वन विभागाची जमीन असेल तर वनरक्षक, वनपाल आणि परिक्षेत्र वन अधिकारी यांच्याशी ओळख करून घ्या. गायरान असेल तर ग्रामपंचायत आणि तहसील. खाजगी असेल तर त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून चहा घेतल्याशिवाय काही हलणार नाही.

गायरानाबद्दल एक गोष्ट ठाऊक असू द्या. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे निर्देश सगळ्या राज्यांना दिले. गायरान ही कुणीही उचलून न्यावी अशी जमीन नाही, याला हा भक्कम आधार आहे. आज गायरानांवर मुरूम उपसा होतो, कचरा टाकला जातो, सौर प्रकल्प उभे राहतात. सौर वीज नको असं मी म्हणत नाही. पण ज्या गटावर दरवर्षी धाविकाची अंडी असतात तो गट सोडून शेजारचा मोडका, खणलेला गट देता येतो का, हे विचारणारं कुणीतरी गावात असायला हवं. ते विचारायचं तर गट नंबर हाताशी लागतो.

कधी जायचं आणि कसं चालायचं

नवीन माणसाकडून सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मार्च ते जून हा टिटव्या, धाविक, करवानक आणि रातव्यांचा अंड्यांचा काळ. पावसाळ्यात लाव्यांची वीण असते. ऑक्टोबर ते मार्च भोवत्या आणि इतर पाहुणे. शिकायला सुरुवात करायची तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम: हवा चांगली असते आणि तुमच्या पायाखाली अंडी येण्याचा धोका कमी. उन्हाळ्यात जायचंच असेल तर माळाच्या कडेने, बैलगाडीच्या चाकोरीवरून किंवा पायवाटेवरूनच जा. माळात आडवंतिडवं फिरू नका.

टिटवीची अंडी खड्यांत पडलेल्या खड्यांसारखीच दिसतात. चार अंडी, टोकं आत, खाली नुसता उथळ खळगा. दोन पावलांवरून दिसत नाहीत. रातव्याची तर नुसती जमिनीवर ठेवलेली असतात, खळगाही नसतो. तुम्ही चालत असताना पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागला, किंवा पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढे जायला लागला, तर समजा की घरटं जवळ आहे. अशा वेळी जागच्या जागी थांबा, पायापाशी बघा आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे फिरा. घरटं शोधू नका. 'एक फोटो घेऊन लगेच जातो' असंही नको.

कारण उन्हाचं आहे. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी चाळीस अंशांच्या वर पारा जातो आणि तापलेला मुरूम त्याहून कितीतरी जास्त गरम असतो. टिटवी अंड्यांवर बसते ती बऱ्याचदा ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवते. तुम्ही वीस मिनिटं तिला उठवून ठेवलंत तर अंड्यातलं पिल्लू शिजतं. शिवाय तुमच्या पायाच्या वासामागून कुत्रं येतं आणि तुम्ही वाकून बघत होता ती जागा कावळ्याने पाहिलेली असते. म्हणून घरट्याभोवती दगड रचणं, काठी रोवणं, चिंधी बांधणं हे सगळं बंद. खूण करायचीच तर वहीत करा: अमुक हिवरापासून पूर्वेला अंदाजे शंभर पावलं.

मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्षभर तो घरी ठेवा. ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याचे पाय पुढे सरकत राहतात. घरट्याचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात तो आवाज त्या पक्ष्याला घुसखोराचा वाटतो. मग अंडी सोडून तो भांडायला येतो.

कायदाही याच बाजूचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. ही गोष्ट गावातल्या पोरांना धाक म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा.

नोंद ठेवा, नाहीतर बघितलेलं वाया जातं

तारीख, वेळ, जागा, किती वेळ चाललात, किती अंतर, कोणते पक्षी, किती. एवढं लिहिलं की नोंद झाली. ईबर्ड या मोफत ॲपवर ती टाका, तिथे पक्ष्यांची मराठी नावंही निवडता येतात. दिसलेले सगळे पक्षी लिहा, नुसते दुर्मीळ नाही. साधी टिटवी आणि चिमणीही लिहा. दहा वर्षांनी 'इथे पूर्वी चंडोल खूप होते' या वाक्याला कुणी विचारणार नाही, पण दर महिन्याच्या याद्या असल्या तर वन विभागाला आणि कोर्टालाही त्या बघाव्या लागतात.

अशाच सामान्य लोकांच्या नोंदींवर भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल तयार झाला. त्यात ९४२ जातींचा अभ्यास होता आणि १७८ जाती तातडीने लक्ष देण्याजोग्या ठरल्या. सगळ्यात वाईट अवस्था ज्यांची दिसली त्यांत माळरानावरचे पक्षी आणि शिकारी पक्षी आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा पांढुरका भोवत्या धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत (आययूसीएन) संकटाच्या उंबरठ्यावर आहे. शेजारच्या सोलापुरात माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी आज तिथे माळढोक दिसणं हीच बातमी होते. अभयारण्य घोषित होऊनही पक्षी जाऊ शकतो. भोवतालचा माळ गेला की तोही जातो.

एक पथ्य मात्र पाळा: संकटात असलेल्या पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा जाहीर नोंदीत टाकू नका. ती फक्त वन विभागाला सांगा.

नव्याने शिकणाऱ्यांनी एकदा मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवरही जावं. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) येतात आणि पाण्याची पातळी जुळली तर रोहितही (फ्लेमिंगो). मायणीचा हा परिसर २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव म्हणून घोषित झाला. सरकारी जमिनीवर असं संवर्धन राखीव होतं आणि गावाच्या किंवा खाजगी जमिनीवर समुदाय राखीव होऊ शकतं. आपल्या गावात पुढे कुठवर जाता येईल याचा अंदाज मायणीवरून येतो.

मेंढपाळ आणि शेतकरी

माळाचं खरं ज्ञान धनगरांकडे आहे. कोणत्या ओघळीत लांडगा असतो, खोकडाचं बीळ कुठे, रातवे कुठे बसतात, पखुर्डी कोणत्या पाण्यावर येतात हे त्यांना विचारा. 'मामा, या बाजूला टिटवीची अंडी दिसतात का कधी?' एवढा एकच प्रश्न पुरतो. त्यानंतर तासभर ऐकायची तयारी ठेवा. मेंढरं माळाची शत्रू नाहीत. चराई थांबली की आखूड गवताच्या जागा वाढून बुजतात आणि माळटिटवीला नकोशा होतात. प्रश्न येतो तो एकाच जागी सतत चारण्याने. माळाचे तुकडे आलटून पालटून चारले, आणि विणीच्या काळात अंड्यांचा तुकडा सोडला, तर दोघांचंही भागतं. हे मेंढपाळाला शिकवायची गरज नसते, त्याच्याबरोबर बसून ठरवायची असते.

शेतकऱ्याशी बोलायचं ते उन्हाळी नांगरटीच्या आधी. टिटवी रानातही अंडी घालते आणि आपल्याकडे जुनी माणसं अंडी दिसली की तेवढी जागा सोडून नांगर फिरवायची. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जोराचा, असा अंदाजही त्यावरून बांधायची. ट्रॅक्टरवरून अंडी दिसत नाहीत, म्हणून नांगरटीच्या आदल्या संध्याकाळी बांधावर उभं राहून टिटवी कुठे उतरते ते पाहा आणि ट्रॅक्टरवाल्याला तेवढा तुकडा दाखवा. साधारण चार आठवड्यांत अंडी फुटतात आणि पिलं बाहेर आल्या आल्या चालायला लागतात, म्हणजे तो तुकडा कायमचा अडत नाही. भोवत्यांबद्दल सांगताना नाकतोड्यांपासून सुरुवात करा. ते किती नाकतोडे खातात हे ऐकल्यावर शालू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरणारा माणूस लगेच कान देतो.

टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या योजनांचं पाणी पूर्वेकडे आलं, डाळिंब आणि द्राक्ष उभी राहिली, ऊसही आला. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या गावांना पाणी मिळालं याचा आनंदच आहे. त्याच्याबरोबर माळ झपाट्याने नांगराखाली जातोय, हेही खरं. म्हणून जे गायरान आणि वनजमीन उरली आहे तिची किंमत आता पूर्वीपेक्षा जास्त आहे.

झाडं लावण्याआधी थांबा

हे ऐकायला अनेकांना जड जातं. पावसाळा आला की शाळा, मंडळं, कंपन्या माळावर खड्डे खणायला येतात. हेतू चांगला असतो. पण नैसर्गिक गवताळ माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ ओळीने लावली की गवत सावलीत मरतं आणि उघड्यावर अंडी घालणारा पक्षी ती जागा सोडतो. झाडावर कावळे आणि शिकारी बसायला लागतात, ते वेगळंच. झाडं गावठाणात, रस्त्याकडेला, बांधावर, ओढ्याकाठी लावा, आणि वड, पिंपळ, उंबर, करंज, कडुलिंब अशी लावा. माळ माळच राहू द्या. सलग समतल चर खणायचे असतील तर सगळा माळ उकरू नका, सपाट आणि उघडे पट्टे सोडा. वेडी बाभूळ मात्र काढत राहा, ती मुळासकट निघते तोवरच.

वणव्याचंही लिहितो. गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं, हा समज खोल रुजलेला आहे. फेब्रुवारी-मार्चमधल्या आगीत चंडोलाची घरटी, सरडे, किडे, गवताचं बी सगळं जातं. त्यावर उपाय म्हणजे पावसाळा संपल्यावर, गवत पूर्ण वाळायच्या आत, वन विभागाबरोबर जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढणं, आणि होळीच्या आसपास दोन-तीन पोरांनी रोज संध्याकाळी माळावर चक्कर मारणं. गवत कापून नेणाऱ्यांना सांगा की कापणी मधून बाहेर करा, म्हणजे आत लपलेल्या लाव्यांना निसटायला वाट मिळते.

मोकाट कुत्री हा आज माळावरचा मोठा शत्रू आहे. ती माळावर येतात ती कोंबडीच्या टाकाऊ मालामुळे आणि मेलेल्या जनावरांमुळे. त्यामुळे कचऱ्याची जागा बदलणं, ती झाकणं आणि कुत्र्यांची नसबंदी हे ग्रामपंचायतीच्या यादीत यायलाच हवं. माळाच्या मधोमध सिमेंटचा पाणवठा बांधण्याचा उत्साहही आवरा. तिथे पहिली कुत्रीच येतात. पखुर्डीला उथळ, उघड्या काठाचं पाणी चालतं, जुन्या पाझर तलावाची एक कड तशी राखली तरी पुरते.

नदीकाठी राहणाऱ्यांसाठी

कृष्णेच्या आणि येरळेच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूचे आणि खडकांचे उघडे तुकडे राहतात. नदी सुरय अशाच बेटांवर अंडी घालतो. जागतिक यादीत तो आता 'असुरक्षित' आहे. मार्च ते मे या काळात त्या बेटांवर पोहायला, पार्टीला, वाळू भरायला माणसं आणि वाहनं जाऊ नयेत, एवढंच सांभाळायचं आहे. वाळू उपसा दिसला तर एकट्याने अडवायला जाऊ नका. दुरून नोंद घ्या आणि तहसीलदारांना लेखी कळवा.

गोठ्यातलं औषध

गिधाडांसाठी सह्याद्रीचे कडे चढावे लागत नाहीत, गोठ्यातून काम होतं. जनावराला दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिलं आणि ते मेलं, तर त्याचं मांस खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्वदच्या दशकापासून ९९ टक्क्यांहून जास्त घटली ती यामुळे. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही. पशुवैद्यकाला मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना सुरक्षित आहे.

काही चुकीचं दिसलं तर

फासे, जाळी, लाव्या-तित्तरांची विक्री, पेटवलेला माळ यांपैकी काहीही दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जागा, वेळ, गाडी नंबर सांगा. जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षक कोण आहेत ते आधीच माहीत करून ठेवा. पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नका, कारण फासे तुम्ही उचलले तर पुरावा गेला. जखमी पक्षी मिळाला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वन विभागाच्या ताब्यात द्या. आणि उडता न येणारं टिटवीचं पिल्लू एकटं दिसलं तर उचलू नका. ते अनाथ नसतं. आईबाप जवळच असतात आणि तुम्ही जाण्याची वाट बघत असतात.

ग्रामसभेत

हंगामभराच्या याद्या, गट नंबर आणि चार माणसं तयार झाली की विषय ग्रामसभेत न्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभा बहुतेक गावांत होतात. विषयपत्रिकेत विषय यावा म्हणून सरपंच आणि ग्रामसेवकांना आधी लेखी द्या. जैवविविधता अधिनियम २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती नोंदवही मागून बघा. अनेक ठिकाणी ती कपाटात असते आणि माळाच्या पानावर दोन ओळी असतात. त्यात तुमच्या याद्या जोडायला सांगा.

गावाचा उत्साह लागेल तेव्हा ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह वापरा. तो मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून साजरा होतो. शाळेच्या पोरांना त्या आठवड्यात माळावर न्या. तेव्हा पायाखाली अंडी येण्याचा धोका कमी असतो.

ठराव लांबलचक नको. गट नंबर लिहा. मार्च ते जून त्या गटात वाहन, मुरूम उपसा आणि मोकाट फिरणं बंद, असं लिहा. वृक्षलागवडीसाठी दुसरा गट नेमून द्या. चराईचे तुकडे मेंढपाळांच्या सहमतीने ठरले आहेत हे त्यांच्या नावांसह घाला. कचऱ्याच्या जागेचा मुद्दा घाला. प्रत तहसीलदारांना आणि परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या आणि ती पोच नोंदवहीलाच चिकटवून ठेवा, कारण सरपंच बदलतात, अधिकारी बदलतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच माळ कुणाला तरी पुन्हा रिकामा दिसणार असतो.